बॅज कपाटात होता

"ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया," डॉक्टरबाई म्हणाल्या. मग कागदावर एक हाड काढून दाखवलं. हाडाच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं. तिथे कच्च्या, निकामी पेशींची गर्दी झाली की चांगल्या पेशींना जागाच उरत नाही. म्हणजे ब्लड कॅन्सर, आणि तोही वेगाने पसरणारा.

श्रीरंगने तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला. माझा नवरा इंजिनीअर आहे, ड्रॉइंग फेकून देणं त्याला जमत नाही.

सुरुवात साध्या थकव्याने झाली होती. सायकलवरून स्टेशनपर्यंत जाताना त्याला धाप लागायची, दात घासताना रक्त यायचं. हाउसआर्ट्स, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, पॅरासिटामोल देऊन परत पाठवतील, असे विनोद आम्ही रॉटरडॅममधले मराठी लोक येताजाता करतो. आमच्या हाउसआर्ट्सनी मात्र त्याच दिवशी रक्त तपासलं आणि संध्याकाळी स्वतः फोन केला. 

त्यानंतर डॉक्टरबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. सिगरेट? नाही. घरात कुणाला कॅन्सर? नाही. कामात कधी रेडिएशनशी संबंध आला?

"चौदा वर्षांपूर्वी तीन आठवडे," श्रीरंग म्हणाला. "पण बॅजचं रीडिंग नॉर्मल होतं."

ते सांगताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो काहीतरी लपवतोय, एकवीस वर्षांच्या संसारात इतकं तरी कळतंच.

श्रीरंग अवजड वस्तू वाहून नेणाऱ्या जहाजांचं काम करतो. ही जहाजं स्वतःचं डेक पाण्याखाली नेतात, दुसरं जहाज पाठीवर घेतात आणि वर येतात. त्या वर्षी त्याच्या कंपनीकडे एक जुनी सोव्हिएत अणुपाणबुडी तोडणीच्या यार्डापर्यंत न्यायचं काम होतं. गंजलेलं धूड डेकवर कुठे टेकवायचं, कुठल्या भागाला किती भार सोसेल, हे मोजायला श्रीरंगला रशियाच्या उत्तर टोकाला पाठवलं होतं.

या पहिल्या पिढीतल्या पाणबुड्या. अमेरिकेला गाठायच्या घाईत बांधलेल्या. आत दोन-दोन अणुभट्ट्या. वाफ करणाऱ्या नळ्यांना चिरा जायच्या, किरणोत्सारी पाणी झिरपायचं आणि दुरुस्तीला विशीतली पोरं आत शिरायची. निवृत्तीनंतर त्या वर्षानुवर्षं धक्क्यालाच कुजत पडल्या. काही तर आत हवा भरून कशाबशा तरंगत ठेवल्या होत्या. एक ओढून नेताना वादळात बुडाली, आतल्या खलाशांसकट. त्यानंतर पाणबुड्या जहाजाच्या पाठीवरून न्यायची पद्धत आली.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की नोव्हेंबरात ईरा दोन वर्षांची होणार होती आणि मी या देशात, एका लहान मुलीबरोबर, एकटी होते.

पहिली केमोथेरपी महिनाभर चालली. केमोत वाईट पेशींबरोबर चांगल्याही मरतात, म्हणून रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. तिथे फुलं न्यायची नाहीत, न सोललेली फळं न्यायची नाहीत. मी घरचा वरणभात न्यायचे, तो दोन घास खाऊन बाजूला ठेवायचा. ज्याने आयुष्यभर ताटात शीत ठेवलं नाही, त्याचं भरलेलं ताट परत न्यायला फार जीवावर यायचं.

बाराव्या दिवशी तो म्हणाला, "एक सांगायचंय. बॅज कपाटात होता."

मला आधी काहीच कळेना. मग त्याने सांगितलं.

यार्डात आत जाताना प्रत्येकाच्या छातीवर एक बॅज असायचा. शरीराला किती रेडिएशन लागलं ते तो मोजायचा. संध्याकाळी रीडिंग घ्यायचे. यार्डाने ठरवलेला आकडा ओलांडला की त्या माणसाला आठवडाभर आत सोडत नसत. श्रीरंगचं काम अणुभट्टीच्या भागाला लागून होतं. दोन दिवसांचं मोजमाप उरलं असताना त्याचा बॅज त्या आकड्याजवळ पोचला.

तिथला मुकादम अनातोली, तरुणपणी अशाच पाणबुडीवर नोकरी केलेला. त्याने हसून बॅज काढून घेतला आणि कपाटात टांगला. म्हणाला, "आम्ही सगळे हेच करतो. आत माणूस जातो, बॅज बाहेर आराम करतो."

"आणि तू ऐकलंस?" मी ओरडलेच. "आयआयटीतून काय हे शिकून आलास? आठवडाभर थांबला असतास तर काय आकाश कोसळणार होतं?"

ओरडता ओरडताच मला आठवलं. मीच फोनवर म्हणाले होते, "ईराच्या वाढदिवसाला आला नाहीस तर परत येऊच नकोस."

रागात आपण असं बोलतो. सगळ्याच बायका बोलतात. तो आला होता, ऐन वाढदिवसाच्या सकाळी. त्या दिवसाचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. फोटोत केक आहे, ईरा आहे आणि तिला कडेवर घेतलेला श्रीरंग आहे.

मी डॉक्टरबाईंना एकटीने गाठून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रेडिएशनमुळे हा आजार होऊ शकतो. पण दोन दिवस तिथे राहिल्याने किती लागलं असेल, कोण जाणे. कदाचित अगदी थोडं. एका माणसाकडे बघून कारण सांगता येत नाही. आणि कारण काहीही असलं तरी ट्रीटमेंट तीच."

त्यांना मला धीर द्यायचा होता. मला मात्र 'हो' किंवा 'नाही' हवं होतं. दोन्ही मिळालं नाही, आणि ते न मिळालेलं उत्तर घेऊन मी रोज मेट्रोने हॉस्पिटलला जात-येत राहिले.

केमोनंतर आजार दबला. मग स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं. म्हणजे दुसऱ्याच्या, इथे श्रीरंगच्या भावाच्या, रक्त बनवणाऱ्या पेशी याच्या शरीरात सोडायच्या. त्याआधी सगळ्या अंगाला रेडिएशन देतात, म्हणजे नवीन पेशींना जागा होते. ज्याच्या भीतीने मी झोपत नव्हते, तेच आता हॉस्पिटल त्याला मोजून देणार होतं. टेक्निशियनने त्याच्या छातीवर मोजणीचा छोटा सेन्सर चिकटवला.

"बघ," श्रीरंग म्हणाला, "या वेळी बॅज लावलाय."

तो हसला. मी बाहेर जाऊन रडले.

तो नोव्हेंबर आम्ही बरा घालवला. ईरा सोळा वर्षांची झाली, श्रीरंगने केक कापताना तिचा हात धरला. या वर्षी ऑगस्टमध्ये कच्च्या पेशी परत आल्या. डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच मी समजले. त्या म्हणाल्या, "आता आजार जाणार नाही. त्रास कमी ठेवणं आमच्या हातात आहे." वेळ किती, असं विचारल्यावर म्हणाल्या, "महिन्यांत नाही, आठवड्यांत मोजा."

म्हणून तो आता घरी आहे. पलंग दिवाणखान्यात, खिडकीशी. नर्स रोज येते.

या आजाराच्या वाटेवर जे असतील त्यांना मी काय सांगू? धीर धरा, असं मला लिहिता येत नाही. माझ्याकडे तो नाही. एवढंच सांगेन की कारण शोधत बसू नका. मी शोधलं. शेवटी ते माझ्याच फोनपाशी येऊन थांबलं, आणि तरीही खात्री नाही.

इथे डच घरांत वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. आमच्याकडेही आहे. मागच्या आठवड्यात मी ते काढून ठेवलं. श्रीरंगने ईराच्या वाढदिवसाला किती दिवस राहिले हे रोज मोजावं, हे मला सहन होत नव्हतं.

त्याच्या लगेच लक्षात आलं. "कॅलेंडर कुठे गेलं? अजून एकोणीस दिवस आहेत. मी थांबतो."

ईरा जवळच होती. तिला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर देते डचमध्ये. "हूफ्ट नीट, बाबा," ती म्हणाली. म्हणजे, तशी काही गरज नाही. आणि उठून आत गेली.

श्वास घेताना त्याच्या बरगड्या दिसत होत्या. वाढदिवसासाठी हा माणूस पुन्हा एकदा स्वतःला ओढत आणणार होता, आणि या वेळीही माझ्यासाठीच. मी त्याचा हात हातात घेतला. पंधरा वर्षांपूर्वी फोनवर जे म्हणायला हवं होतं, ते आत्ता म्हटलं.

"घाई नको करूस रे. नाही जमलं तरी चालेल. वाढदिवस आम्ही करू."

 तो म्हणाला, "थँक्यू," आणि डोळे मिटले. त्या दुपारी तो कित्येक दिवसांनी शांत झोपला.

मी कॅलेंडर परत जागेवर लावलं.