सयाजीबाबांचं उपरणं

निरगुडसरच्या साळुबाईंना कुणी कोड्यात टाकलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाची म्हैस आटली, सगळ्याचं कारण त्यांच्याकडे तयार. पण नात आरती बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली आणि या बाईंची मती गुंग झाली.

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या, वापरून मऊ झालेल्या कापडाचं टोपडं-दुपटं करायचं, म्हणजे बाळाला त्याचं आयुष्य लाभतं. साळुबाईंनी ट्रंकेतून नवऱ्याचं, सयाजीबाबांचं, उपरणं काढलं. बाबा थंडीत गेले. तेव्हापासून त्यांनी ते कुणाला धुऊ दिलं नव्हतं. अधूनमधून नाकाशी धरायच्या, हे मला शेजारीण म्हणून ठाऊक.

आरती पुण्याला लॅबमध्ये नोकरीला. ती म्हणाली, "आज्जी, आधी उकळून घे. कपड्यावर जंतू जगतात. काही तर कित्येक आठवडे, महिनेसुद्धा."

"सुती हाय गं त्ये."

"पॉलिस्टरवर जास्त टिकतात, पण सुतीवरही राहतात."

"आले कुटनं?"

"आजोबांच्याच अंगावरचे. सगळ्यांच्याच अंगावर असतात."

झालं! बाई उपरणं छातीशी धरून माझ्या दारात. "मंगल, मानूस गेला, दहावं-तेरावं झालं, अन् त्याच्या अंगावरचं कायतरी अजून जित्तं हाय म्हनं. खरं व्हय?"

"आरती शिकलेली आहे. असेल."

"मंग उकळू कशी? अन् नाय उकळलं तर पोरीला त्यांचं आयुष्य कसं मिळायचं?"

मला काय कपाळ कळणार! "अहो, जंतू ते जंतू," मी वैतागून म्हटलं आणि लगेच वाईट वाटलं. बाई चहाला न थांबता गेल्या.

दोन दिवस उपरणं ट्रंकेत गेलं आणि बाहेर आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच चुलीवर पातेलं ठेवलं. उपरणं साबणाच्या पाण्यात खळखळून उकळलं, काठीनं उचललं, उन्हात वाळवलं. नाकाशी धरलं. साबणाचा वास.

मी बाळाला बघायला गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच त्यांनी आरतीला विचारलं, "आता ह्यात कोन बी जित्तं नाय ना?"

बाळाला पाजता पाजता आरती खुशीत म्हणाली, "एकसुद्धा नाही, आज्जी!"

साळुबाईंनी उपरणं तोंडाशी धरलं. बाबा गेले त्या दिवशी रडल्या नव्हत्या, तेवढ्या रडल्या. आरती घाबरून माझ्याकडे बघत विचारत होती, "काकू, मी काय चुकीचं बोलले?"