खात्री न देणारे काका

"सांगता येत न्हाई," असं म्हणून ते तळहात टेबलावर पालथा ठेवायचे.

पोराला घेऊन लातूरला क्लास शोधत आला असाल, तर प्रवेशाच्या टेबलामागचा हा उंच, जरासा वाकलेला माणूस तुम्हालाही आठवेल. आईबाप विचारायचे, "होईल ना डॉक्टर?" उत्तर ठरलेलं. मार्कमेमो पाहून कधी सरळच सांगायचे, "लेकरू गुणाचं हाय माय, पण ह्या वाटेचं न्हाई." गंमत अशी, की असे परत गेलेले लोकच पुढे धाकट्याला त्यांच्याकडे आणायचे.

मी तिथं केमिस्ट्री शिकवायचो. पुढं क्लासची कंपनी झाली. क्लासचे मालक असलेल्या मोठ्या सरांनी शिक्षकांना, ऑफिसातल्यांना, काकांनाही शेअर दिले. म्हणाले, "आता तुम्ही नोकर नाही, मालक."

आणि खरंच फरक पडला. दुसऱ्या क्लासला निघालेले फिजिक्सचे सर थांबले. रिकाम्या वर्गातले पंखे बंद व्हायला लागले. काका तर गळके नळ शोधत फिरायचे. "आपलं पाणी हाय सर, वाहून चाललंय," म्हणत स्वतःच हसायचे. त्या वर्षी निकाल झकास लागला.

मग आमची नजर बदलली. स्टाफरूममध्ये अवघड गणितांऐवजी प्रवेश किती झाले हेच बोलणं. काकांनी एखाद्याला परत पाठवलं, की आपल्या ताटातलं कुणी उचलून नेल्यासारखं वाटायचं. त्यांना कुणी काही बोललं नाही. आम्ही नुसते टेबलापाशी उभे राहायला लागलो.

एकदा लोह्याहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. मुलीचे मार्क बेताचे. बाईंनी विचारलं, "दादा, होईल ना हिचं?"

काकांनी आमच्याकडे पाहिलं. "होईल माय," ते म्हणाले. "मनात काही आणू नका."

दुपारी त्यांचा डबा तसाच होता. मी जवळ बसलो, तेव्हा ते हळू बोलायला लागले. भूकंपाआधी त्यांच्या गावात जमीन हादरतच होती. लोक अंगणात झोपायचे. त्या संध्याकाळी लेकीला खोकला होता. बायकोनं विचारलं, आत झोपू का बाहेर? "म्या म्हणलो, काही होत न्हाई, झोप आत. अन् राखणीला शेतात गेलो." डबा बाजूला सारून म्हणाले, "आज बी तसंच बोललो बघा. त्याच आवाजात."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते लोह्याला गेले. मुलीच्या आईला खरं काय ते सांगितलं. मुलीलाही विचारलं. तिला शाळेत शिकवायचं होतं. तोवर तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. प्रवेश रद्द झाला.

फिजिक्सचे सर चिडले. "काका, तुमचाच हिस्सा आहे ना इथं? आपल्या हातानं आपलंच नुकसान?"

"हिस्सा हाय म्हणूनच गेलतो," काका म्हणाले. "नोकर असतो तर म्हणलो असतो, मालकाचं खोटं हाय. आता ते माझं झालं ना."

मोठ्या सरांनी पुष्कळ समजावलं. काकांनी शेअर परत केले आणि गावी निघून गेले. त्यांच्या जागेवर एक हसरी मुलगी आली. ती सगळ्यांना "शंभर टक्के" म्हणायची. कंपनी वाढली, नांदेडला शाखा निघाली. माझे शेअर मी ठेवले.

काका वारल्याचं मला उशिरा कळलं. त्यांच्या गावी गेलो. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सरळ रस्ते, सारखी घरं. शेजारच्या खालाजान मला त्यांच्या अंगणात घेऊन आल्या. चार बाजूंनी उघडं पत्र्याचं छप्पर, खाली बाज.

"इथंच राह्यचे," त्या म्हणाल्या. "पावसात, थंडीत. गावी असले की रोज झाडायचे आतून, पण घर मिळालं तवापासून राहिले न्हाई कधी. आता मी झाडते."

त्यांनी कडी काढली. फरशी लख्ख होती. इतक्या वर्षांत भिंतींवर धुराचा एक डाग नव्हता.

"बसा ना आत, सावली हाय," खालाजान म्हणाल्या.

मी बाहेर बाजेवरच बसलो.