काय म्हणते शमी?

शेपूटकाका कधी कुणाच्या पुढे गेले नाहीत. जाता येत नव्हतं असं मुळीच नाही. साठीला टेकलेला हा माणूस वाळूतून सायकल अशी काढायचा की आमच्यातल्या पस्तिशीच्या पोरांनी तोंडात बोटं घालावीत. पण शनिवारी उजाडताना आमचा बारा-पंधरा जणांचा कळप दुबईबाहेरच्या वाळवंटात शिरला की काका सगळ्यांत मागे. "कळप म्हटला की शेपूट पाहिजेच," असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांचा नियम साधा होता. जो सगळ्यांत हळू, त्याच्या मागे काका. चार हिवाळे सगळ्यांत हळू मी होते, त्यामुळे काकांबद्दल लिहायचा पहिला हक्क माझा आहे.

काका देवगडकडचे. रास अल खोरमधल्या एका गोदामात स्टोअरकीपर. आम्ही बाकीचे ऑफिसवाले, आणि मी ऊद मेथातल्या एका शाळेत गणित शिकवणारी. आमच्या ग्रॅव्हल बाइका शोरूममधून आलेल्या. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं खाली वळलेलं आणि टायर खडी-वाळूत चालतील असे जाड. काकांच्या सायकलीची फ्रेम एका वर्कशॉपातली, चाकं दुसऱ्या आणि सीट तिसऱ्या. "हिला माहेरं बरीच आहेत," असं ते म्हणायचे. आमच्यातला एकजण तुटलेली चेन घेऊन त्यांच्याकडे गेला आणि चेनबरोबर काकांनाही घेऊन आला, मी कळपात आले त्याच हिवाळ्यात.

मला ते बाई म्हणत. शिकवणाऱ्या स्त्रीला त्यांच्या गावात दुसरं काही म्हणतच नसत. खरी शिकवणी मात्र तेच घ्यायचे. पुण्यात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात सायकलची हवा म्हणजे दगडासारखी टणक हवा. वाळूत नेमकं उलटं असतं. हवा कमी असली की टायर पसरतो आणि वाळूवरून जातो. काका निघण्याआधी माझ्या टायरवर अंगठा दाबायचे आणि म्हणायचे, "बाई, परत भरली ना? सोडा थोडी." मी मुकाट्याने सोडायची, आणि पुढच्या शुक्रवारी घरी पंप हातात आला की पुन्हा भरायची. चूक कळत होती, पण मऊ टायर बघून जिवाला चैन पडत नसे.

आमच्या बाटल्यांत रंगीबेरंगी पावडरींचं पाणी असायचं, काकांच्या बाटलीत कोकमाचं आगळ आणि मीठ. मी धापा टाकत थांबले की "दमलात काय?" असं ते चुकूनही विचारत नसत. स्वतःच उतरायचे, चेनकडे उगाच बघायचे आणि म्हणायचे, "जरा थांबूया बाई, माझं कायतरी वाजतंय." त्यांच्या सायकलीचं काहीही वाजत नसायचं. हे कळायला मला अख्खा एक हिवाळा लागला, आणि कळल्यावरही मी ते त्यांना कधी बोलून दाखवलं नाही.

आमची वाट उंटांच्या तबेल्यांजवळून सुरू व्हायची. आधी खडी, मग खुरटी झुडपं, मग उडून आलेल्या वाळूचा एक लांबलचक पट्टा, आणि त्या पट्ट्यापलीकडे घाफच्या झाडांचं रान. घाफ म्हणजे आपली शमी. काकांच्या गावच्या देवळामागेही एक शमी आहे. दसऱ्याला पालखी तिच्यापर्यंत जाते आणि तिचीच पानं सोनं म्हणून वाटतात. पण कोकणातला माणूस सुट्टी घेतो ती गणपतीला. दसरा येईपर्यंत काका पुन्हा गोदामात हजर. वीसेक वर्षं त्यांना गावचा दसरा मिळाला नव्हता. दुबईत रस्त्याकडेलाही शमी आहेत, पण त्यांना काका नाक मुरडायचे. "ती पाइपचं पाणी पिणारी, सरकारी नोकरीतली. आपली आपण वाढलेली ती खरी."

त्या वाळूच्या पट्ट्यात माझं चाक दर वेळी रुतायचं. दहा-वीस हात गेले की मी आडवी. मग मी परत फिरायची आणि माझ्यामागे काका. बाकीचे रानात जाऊन यायचे, तोवर आम्ही दोघं तबेल्यांपाशी बसलेलो. "काय, आजपण शेपूट घातलंत?" असं कुणी चिडवलं की काका हसायचे आणि विचारायचे, "काय म्हणते शमी?" पोरं काहीतरी सांगायची. फुललीय, शेंगा धरल्यात, खाली उंट बसले होते. काका सगळं लक्ष देऊन ऐकायचे.

यंदा मार्चमध्ये, राइडनंतर कॅफेटेरियात करक, म्हणजे इथला दाट दुधाचा कडक चहा घेताना, काकांनी सहज सांगितलं, "एप्रिलचा एंड म्हणजे आपलं खलास. कंपनीने पेपर दिले. गावाला जाणार." काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मग आपल्या रानातल्या शमीचा एक फोटो फ्रेम करून न्या."

"फोटो पोरांनी पाठवलाय ना," काका म्हणाले. "मी कुठं बघितलीय ती?"

मी चहाचा कप खाली ठेवला. हा माणूस तिथे एकदाही पोचला नव्हता आणि त्याचं एकमेव कारण मी होते. रोज पोरांना गणित शिकवते, पण चार हिवाळ्यांचा एवढा साधा हिशेब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. घरी येऊन मी रडले. काकांना ते रान दाखवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, एवढं ठरवलं.

मधले शनिवार काका गोदामाचा हिशेब देण्यात अडकले. एप्रिलमधल्या त्यांच्या शेवटच्या शनिवारी काकांनी माझ्या टायरवर अंगठा दाबला आणि माझ्याकडे बघितलं. मी आदल्या दिवशी पंपाला हात लावला नव्हता. "आज पास," ते म्हणाले. पट्ट्यात मी हँडल सैल धरलं, पॅडल मारत राहिले आणि कधी नव्हे ती अर्ध्यापर्यंत पोचले. तिथे पुढचं चाक रुतलं आणि मी पडले.

"काका, तुम्ही जा पुढे. मी बसते इथे. प्लीज."

"आणि शमीला काय सांगू? बाईंना वाळूत टाकून आलो?" काकांनी माझी सायकल उभी केली आणि सवयीने परतीच्या दिशेला वळवली.

मी ती त्यांच्या हातातून घेतली, पुन्हा रानाकडे वळवली आणि ढकलत चालायला लागले. सायकलवाल्यांत उतरून ढकलणं म्हणजे नामुष्की. परत फिरणं त्यापेक्षा बरं, अशी माझी चार वर्षांची समजूत. काकांना हा उपाय पहिल्या दिवसापासून माहीत असणार. पण बाईंना ढकलत चला कसं सांगायचं, म्हणून ते चार वर्षं गप्प राहिले. त्या दिवशीही ते माझ्या मागूनच, स्वतःची सायकल ढकलत आले. "यल्ला, चला बाई, इन्शाल्ला पोचतो," एवढंच मागून ऐकू येत होतं.

रानाच्या कडेला मी थांबले आणि बाजूला झाले. "आता तुम्ही आधी."

काका पुढे गेले. हेल्मेट काढलं, बूट काढले, खोडाला हात लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. झाडाचं पान तोडायचं नाही हा इथला नियम, आणि त्यांचाही. त्यांनी खाली पडलेली बारीक पानं चिमटीत गोळा केली आणि माझ्या हातावर ठेवली.

"दसऱ्याला मी नसणार. आत्ताच देतो. सोनं घ्या बाई, सोन्यासारख्या राहा."

मी वाकून नमस्कार केला.

आता ऑक्टोबर आहे, नवा हंगाम सुरू झाला आहे आणि कळपाच्या मागे मी असते. दसऱ्यानंतरच्या शनिवारी शारजाहून एक नवी मुलगी आली होती. तिच्या टायरवर अंगठा दाबला, तर दगड. खडीवरच तिचे पाय गळाले. पट्ट्यापाशी ती उतरली, तेव्हा ढकलत जाण्याइतकाही दम तिच्यात उरला नव्हता. "आंटी, यू गो ना, मी वेट करते," ती म्हणाली. पलीकडे रान दिसत होतं.

"जरा बसूया," मी म्हटलं. "माझं काहीतरी वाजतंय."

आम्ही तबेल्यांपाशी जाऊन बसलो. तासाभराने बाकीचे परत आले. काकांचा देवगडहून फोन यायचा होता आणि ते काय विचारणार हे मला माहीत होतं, म्हणून मी पहिल्या पोराला थांबवून विचारलं, "काय म्हणते शमी?"