प्रेसवाल्याचा मुलगा

चाकणच्या एका कारखान्यात आम्ही पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस मशीनवर एआयचा कॅमेरा बसवला होता. साच्याखाली हात दिसला की मशीन थांबायचं. ऑपरेटर पन्नाशीचा होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्धी होती आणि बोलताना तो अंगठ्यानं ती चाचपत राहायचा.

चाचणीसाठी आणलेला लाकडी हात आत घालून मी दहादा मशीन थांबवून दाखवलं. त्याचा चेहरा हलला नाही.

"बनवलं कुणी हे?"

"आमच्या कंपनीनं."

"कंपनी न्हाई ओ. माणूस कोण?"

"मीच."

"वडील काय करत्यात?"

"पिंपरीत प्रेस शॉपलाच होते. तीस वर्षं."

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. "मग व्हय. प्रेसवाल्याच्या पोराला हाताची किंमत ठावं असती. करा चालू."

मला आधी बरं वाटलं, मग धास्ती वाटली. कॅमेरा तर तोच होता. वडील बँकेत असते तर त्यानं विश्वास ठेवला असता का?

"उद्या करू," म्हणालो. तो जेवायला गेल्यावर त्यानं काढून ठेवलेला तेलकट काळा हातमोजा लाकडी हाताला चढवला आणि पुन्हा चाचणी घेतली. दहापैकी दोनदा मशीन थांबलंच नाही.

ते त्याला सांगायला मी कँटीनकडं निघालो.