डाव्या हाताचा पट्टा

राजशेखरनं उदगीरच्या तहसीलसमोर बावीस वर्षं टायपिंग केलं. अर्ज, शपथपत्रं, भाडेकरार. लोक मजकूर सांगत आणि हा मान वर न करता कीबोर्ड बडवत बसे. कामाला वाघ, पण स्वतःच्या देहाची कदर म्हणाल तर शून्य.

दोन्ही हातांना मुंग्या येऊ लागल्या, तरी हात झटकायचा आणि पुन्हा बसायचा. वर्षभरानं बायको शिवकांतानं त्याला ओढूनच लातूरला नेलं. मनगटातली नस दबलीय, डॉक्टर म्हणाले. दर अर्ध्या तासानं हात थांबवा, मनगट वाकवून टायपिंग करू नका आणि झोपताना दोन्ही मनगटांना हे पट्टे बांधा.

पट्टे काळे, चामड्यासारखे. राजशेखर लिंगायत, रोज आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या हातात घेऊन पूजा करणारा. त्यानं उजव्या हाताला पट्टा बांधला, डावा मोकळाच ठेवला.

"अवं, रेक्झिन हाय ते," शिवकांता म्हणाली. "आन् सकाळी सोडूनच पूजा करायची की."

"लिंगाच्या हाताला चामडं न्हाई लावायचं."

विषय संपला. देवाचं नाव निघालं की बायकोचं शहाणपण कोण ऐकतो?

चार महिन्यांत उजवा हात सुधारला. त्या आनंदात गड्यानं काम आणखी वाढवलं. डाव्या हाताची बोटं मात्र बधिर होत गेली, अंगठ्याखालचं मांस बसलं. ऑपरेशन झालं, पण उशिरा. गेलेली जाणीव आता परतायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं.

टाके निघाल्यावर तो पहिल्यांदा पूजेला बसला. डोळे मिटून मंत्र म्हणत होता. लिंग बधिर बोटांवरून घसरून समोरच्या चटईवर पडलं, तरी मंत्र चालूच. त्याला कळलंच नव्हतं. शिवकांतानं हाक मारली तेव्हा त्यानं डोळे उघडले, आणि तो लहान लेकरासारखा रडला. वीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"देवासाठीच मोकळा ठेवला होता गं हा हात," तो म्हणाला.

तिला फार वाईट वाटलं. मी सांगितलं होतं, हे ओठांवर आलेलं तिनं गिळलं.

आता रोज सकाळी ती त्याच्यासमोर बसते, त्याच्या हाताखाली आपला हात धरते. डोळे मिटले की तो मधेच थांबतो.

"हाय का?"

ती "हाय" म्हणते, तेव्हा कुठं त्याचा मंत्र पुढं सरकतो.