शालीची खोट

पायी यात्रेच्या चौथ्या मुक्कामावर, विश्रामगृहाच्या जिन्याखालच्या खोलीत हरवलेल्या-चोरलेल्या वस्तू जमा होत. तिथं बसणारी बाई एकोणीस वर्षं प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत आली होती : "वस्तूत खोट काय आहे, ते सांगा." लोक तिला मागं खोटमावशी म्हणत, तोंडावर नुसतं मावशी.

प्रश्न मात्र लाख मोलाचा. देवाच्या वाटेवरही हात मारणारे भेटतातच, आणि दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा असलेला माणूस तिचे गुण गातो : बॅग नवी आहे, भारी आहे, चामड्याची आहे. खरी मालकीण म्हणते, "मेली चेन अर्ध्यावर अडते, जरा उचलून ओढावी लागते." पहिल्याच दिवशी मावशीनं एका गोडबोल्याला कुणाची तरी औषधांची पिशवी देऊन टाकली होती, आणि तासाभरानं जिची होती ती रडत आली. तेव्हापासून खोट नाही तर वस्तू नाही. प्रत्यक्ष देव आला असता तरी तिनं त्याला टेबलासमोर उभं केलं असतं.

त्या सकाळी एक वाळकुडे काका आले. झोपायच्या हॉलमधून त्यांच्या उशाची पिशवी गेली होती. चोरानं हवं ते घेतलं आणि तिच्यातली शाल कुंपणात फेकली. झाडूवालीनं ती उजाडताच आणून दिली होती.

"बाकीचं गेलं ते जाऊ दे," काका म्हणाले. "करडी शाल होती, बायकोची. यंदा दोघं मिळून चालणार होतो. ती थंडीत गेली. म्हटलं, निदान तिची शाल तरी देवापर्यंत न्यावी."

मावशीचं काळीज हललं. पण करड्या शाली काय, छप्पन्न असतात.

"खोट काय आहे तिच्यात?"

काकांनी पुष्कळ आठवून पाहिलं. "काही नाही हो. चांगली शाल आहे."

"आठवा. डाग, भोक, उसवलेलं काही?"

"असतं तर मी बोललोच असतो." काकांचा आवाज बारीक झाला. "भाजीत मीठ कमी, चहा गार, दार नीट लावलं नाही... चाळीस वर्षं उठता-बसता तिच्या नावानं खडे फोडले मी. शालीला जरा काही झालं असतं तर महिनाभर ऐकवलं असतं."

मावशीनं शाल मांडीवर ओढली. एका कोपऱ्यात ती इस्त्रीनं जळली होती. काठाचेच धागे काढून कुणीतरी तिथं रफू केलं होतं, इतकं बारीक की उजाडताच शाल हाती आली तेव्हा ते मावशीच्या डोळ्यांना दिसलंच नाही, बोटांना लागलं. चार दुपारी तरी त्यात गेल्या असतील. एवढा खटाटोप कुणापासून लपवायला, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. आता तो माणूस समोर उभा होता.

तिनं तो कोपरा आत जाईल अशी घडी घातली आणि शाल त्यांच्या हातात दिली.

काका गोंधळले. "पण मी खोट कुठं सांगितली? काय होती?"

एकोणीस वर्षांत त्या टेबलाशी मावशीनं कुणाला फसवलं नव्हतं.

"काही नव्हती, काका," ती म्हणाली. "काकूंनी फार जपली होती."