भिंतीवरची मावशी

एसटी स्टँडच्या भिंतीवर एक पोरगी रोज रंगवताना दिसायची. ब्रश ओढणीलाच पुसायची. पोरींना फूस लावून विकतात, लोकांनी सावध व्हावं म्हणून चित्र होतं. त्यात एक मावशी पोरीला बांगड्या भरत होती.

मी म्हणालो, "बाई, राक्षस काढ की. ही तर घरचीच वाटती."

"बाबा, राक्षसाचं बोट धरून कोन पोर जाती व्हय?"

मी चित्रातल्या बांगड्यांकडं पाह्यलं. माझी म्हातारी गेल्यापासून घरात खोदून विचारणारं कोणी नाय. नातीला स्थळ आणणाऱ्या बाईनं परवा तिला अशाच बांगड्या भरल्या. आज ती नातीला मुलाचं घर दाखवायला गुजरातेत नेणार होती.

घरी फोन लावला. नुसता वाजत राह्यला, कोणी उचलीना. भिंतीवर ती पोरगी मावशीच्या तोंडावर हसू काढत होती.